सशुल्क रिव्ह्यू साइटचं रीडिझाइन: कुलूप नेमकं कुठे लावावं?

नमस्कार मंडळी,

घरगुती उपकरणांचे रिव्ह्यू देणाऱ्या एका साइटचं रीडिझाइन माझ्याकडे आलंय. साइटवर जाहिराती नाहीत. वस्तू दुकानातून विकत आणून तपासतात, खर्च वर्गणीतून भागतो. अमेरिकेत १९३६ साली सुरू झालेलं कन्झ्युमर रिपोर्ट्स हे वस्तू तपासणारं मासिक याच पद्धतीने चालतं, त्यामुळे हे जमू शकतं याबद्दल मला शंका नाही.

परवा एका वर्गणीदार काकूंच्या शेजारी बसून त्या साइट कशी वापरतात ते पाहिलं. गुगलवरून त्यांनी वॉशिंग मशीनच्या तुलनेचं पान उघडलं. चौदा रकान्यांच्या तक्त्यातले मोबाइलवर जेमतेम दोन दिसत होते, तेवढ्यात 'सदस्य व्हा'ची चौकट वर आली. काकू लॉगआउट झाल्या होत्या, एवढंच. 'आधीच सदस्य आहात?' ही ओळ चौकटीच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांत. त्यांना ती दिसलीच नाही. "माझी वर्गणी संपली वाटतं," म्हणाल्या आणि टॅब बंद केला. पैसे भरलेल्या माणसालाच आपण दारातून परत पाठवतोय, हे मला फार लागलं.

लॉगिनचं मी बघतो: ओळ ठळक करायची, पासवर्डऐवजी ईमेलवर लिंक पाठवायची. जुन्या पत्त्यांना ३०१ रिडायरेक्ट (जुनी लिंक उघडली तरी आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) आणि कुलूपबंद मजकुराचा स्ट्रक्चर्ड डेटा (कोणता भाग फक्त सदस्यांसाठी आहे हे गुगलला कळवणारी खूण), हेही यादीत आहे.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. पहिला क्रमांक कुणाचा हे उघड केलं तर बहुतेकांचं काम तिथेच होतं, मग वर्गणी कोण भरेल? आणि सगळंच झाकलं तर नव्या माणसाने भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? माझा कल असा: चाचणी कशी केली ते, फोटो आणि एखादं पूर्ण रिव्ह्यू खुलं, गुण आणि क्रमवारी कुलपात. शॉक बसण्याचा किंवा आग लागण्याचा धोका आढळला तर ती सूचना मात्र सगळ्यांना फुकट दिसलीच पाहिजे, त्यावर मी तडजोड करणार नाही.

दुसरं म्हणजे, वॉशिंग मशीन काही कुणी दर महिन्याला घेत नाही. जर्मनीतली श्टिफ्टुंग वारेनटेस्ट ही वस्तू तपासणारी संस्था एकेक चाचणीही सुटी विकते. तसं केलं तर वर्गणीदार घटतात, की सुटी चाचणी घेणारेच पुढे वर्गणीदार होतात? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पुढच्या आठवड्यात तुलनेच्या पानाचा आराखडा द्यायचा आहे.