शब्दचर्चा: फाइलची ‘परमिशन’ म्हणजे परवानगी की अधिकार?

प्रश्न:
आमच्या वाचनालयाची छोटी वेबसाइट मी सांभाळते. उबुंटू (लिनक्स) सर्व्हर, त्यावर एन्जिनएक्स, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम. नव्या मंडळींसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय आणि ‘परमिशन’पाशीच अडले. परवानगी, अनुमती, मुभा, अधिकार, यातलं काय बसेल? आणि आर, डब्ल्यू, एक्स (रीड, राइट, एक्झिक्यूट) यांतल्या एक्सला काय म्हणायचं? ‘निष्पादन’ लिहिलं तर कोणाला काही कळणार नाही.

उत्तर १:
‘परवानगी’ नको. परवानगी मागावी लागते, समोरच्याने ती द्यावी लागते, आणि बहुतेकदा ती तेवढ्यापुरतीच असते: ‘बाईंची परवानगी घेऊन लवकर निघालो.’ सर्व्हरवर कोणी कोणाला विचारत नाही. मालक, गट आणि इतर यांना काय करता येईल याची नोंद आधीच झालेली असते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ती बघतो आणि होय-नाही ठरवतो. ही सातबाऱ्याची रीत झाली. म्हणून ‘अधिकार’. ‘मुभा’ मला आवडतो, पण त्यात नियमातून सूट मिळाल्याचा भाव आहे.

आकडे सोपे आहेत: वाचणे ४, लिहिणे २, एक्स १. यांची बेरीज करायची, आणि मालक, गट, इतर या क्रमाने तीन आकडे लिहायचे. ६४४ म्हणजे मालक वाचतो-लिहितो, बाकीचे फक्त वाचतात.

एक्सचे मात्र दोन शब्द करा. फाइलसाठी ‘चालवणे’ चालेल. फोल्डर कोणी चालवत नाही. तिथे एक्स म्हणजे त्यातून पुढे जाण्याचा हक्क. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वहिवाट. शेत दुसऱ्याचं, पीकही त्याचं, पण त्याच्या बांधावरून तुमच्या शेताकडे जायला वाट आहे. आर नाही पण एक्स आहे अशा फोल्डरात आत काय काय आहे ते दिसत नाही, तरी नाव ठाऊक असलेल्या फाइलपर्यंत पोचता येतं.

प्रश्नकर्ती:
‘वहिवाट’ वाचलं आणि मागच्या महिन्यातला घोळ आता कुठे नीट उलगडला! फोटो ६४४, फोटोंचं फोल्डर ७५५, तरी ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे ‘बघायला मनाई’. एका ओळखीच्यांनी फोल्डरला सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) द्यायला सांगितलं. दिलं, तरी ४०३च. शेवटी ‘नेमआय -एल’ या कमांडने वाटेतलं एकेक फोल्डर तपासलं. अडथळा वरच, माझ्या होम फोल्डरपाशी होता: ७५०. २१.०४ आवृत्तीपासून उबुंटू नव्या वापरकर्त्याचं होम असंच बंद ठेवतं. एन्जिनएक्स ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या नावाने चालतं, म्हणजे तिथे ते ‘इतर’, आणि इतरांना शून्य. फोटो सगळ्यांना खुले, पण तिथवर जायची वहिवाटच नव्हती. होम उघडं न करता फोटो ‘व्हार’खालच्या वेबसाइटच्या फोल्डरात हलवले, ७७७ काढून टाकलं, आणि पान उघडलं.

उत्तर २:
फोल्डरच्या डब्ल्यूलाही ‘लिहिणे’ म्हणू नका, त्यात फसगत होते. फाइल ४४४ करून ठेवली की ती सुरक्षित झाली असं लोक समजतात. पण ज्याच्याकडे फोल्डरचे डब्ल्यू आणि एक्स दोन्ही आहेत, तो ती पुसू शकतो. कारण पुसलं जातं ते फोल्डरच्या यादीतलं नाव. (तात्पुरत्या फाइलींच्या ‘टीएमपी’सारखी स्टिकी बिट, म्हणजे दुसऱ्याची फाइल पुसू न देणारी खूण, लावलेली फोल्डरं याला अपवाद.) सातबारा आलाच आहे तर शब्दही तिथलाच घ्या: फेरफार.

प्रश्नकर्ती:
घेतला. टिपणात आता असं आहे: फाइलवर वाचणे, लिहिणे, चालवणे, फोल्डरवर यादी पाहणे, फेरफार, वहिवाट.