मदत हवी आहे: 'बायोडिग्रेडेबल' पिशवी पाच महिने झाले तरी खतात तशीच आहे

नमस्कार मंडळी. बाल्कनीत खताचे दोन डबे आहेत, एक भरायचा आणि दुसरा मुरायला ठेवायचा. घालते ते नेहमीचंच, ओला कचरा, कोकोपीट आणि आठवड्यातून एकदा बायोकल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण). भाचीच्या बारशानंतर उरलेल्या केळीच्या पानांचे तुकडे आणि सुपारीच्या दोन-तीन ताटल्याही त्यात घातल्या. मिठाईची हिरवी पिशवीसुद्धा टाकली, कारण तिच्यावर मोठ्या अक्षरांत '१०० टक्के बायोडिग्रेडेबल' लिहिलं होतं.

काल डबा उपसला. केळीचं पान शोधूनही सापडलं नाही. ताटल्या मऊ पडून काळ्या झाल्यात. पिशवी मात्र धुऊन परत वापरता येईल अशी! थोडी ताणली तर फाटते, एवढंच.

माझं काही चुकतंय का? आणि हे खत मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्यांना घालू का?

प्रतिसाद १
तुमचं काही चुकलेलं नाही. बायोडिग्रेडेबल, म्हणजे जैवविघटनशील, म्हणजे जिवाणू-बुरशी ज्याचं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा जीवभार (त्यांच्याच शरीराची वाढ) करून टाकतात ते. पण कुठे आणि किती दिवसांत, हे त्या शब्दात येतच नाही. कंपोस्टेबल, म्हणजे खतात कुजणाऱ्या, प्लॅस्टिकची चाचणी साधारण ५८ अंश तापमानाला होते आणि १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. बाल्कनीतल्या डब्यात एवढी धग दिवसेंदिवस टिकत नाही, कचराच तेवढा नसतो. मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलए नावाचं प्लॅस्टिक अशा डब्यात ढिम्म पडून राहतं.

आधी पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का बघा. नसेल तर ते साधंच प्लॅस्टिक असू शकतं. काहींत ऊन-हवेने तुकडे पडावेत म्हणून रसायन घातलेलं असतं. तुकडे पडतात, प्लॅस्टिक प्लॅस्टिकच राहतं.

धागाकर्ती
उलटसुलट करून पाहिली. क्रमांक नाही, हिरव्या पानाचं चित्र तीन ठिकाणी आहे. वर त्या पिशवीचे पाच रुपये वेगळे घेतले होते!

प्रतिसाद २
तुकडे पडायच्या आत अख्खी काढलीत हे बरं झालं. खत चाळून घ्या, बारीक चिंध्या दिसल्या तर वेचा. मी असं खत पालेभाजीला न घालता जास्वंदीला घातलं असतं. पिशवी सुक्या कचऱ्यात द्या. खरी कंपोस्टेबल निघाली तर मात्र दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात घालू नका, पुनर्वापराचा माल बिघडतो.

धागाकर्ती
बरं, जास्वंदीलाच घालते. सुपारीच्या अजून वीसेक ताटल्या पडून आहेत. तशाच टाकू?

प्रतिसाद २
रात्रभर भिजवा, हाताने तुकडे करा, एका वेळी दोनच. आणि डबा कोरडा पडू देऊ नका.