पणत्यांचा स्टॉल आणि सेमिनार
बीबीए-एमबीएच्या मुलांनी मदतनिधीच्या स्टॉलवर वेळ घालवण्यापेक्षा सेमिनारला बसावं, असं काही जणांचं म्हणणं आहे. मला नाही पटत. मागच्या दिवाळीत नाशिकच्या गंगापूर रोडवर आमची ही विद्यार्थी मुलं मदतनिधीसाठी पणत्या विकत होती. एका आजींनी शंभराची नोट हातातच धरून विचारलं, "पैसे कुणाला जाणार रे बाळा? पावती दे." पावतीपुस्तकच नव्हतं! त्या रात्री मुलांनी आयकर कायद्यातलं ८०जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं कलम, शोधून वाचलं. सवलतीसाठी पावती ८०जीखाली नोंदणी असलेल्या संस्थेचीच लागते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही. नंतर सातपूरच्या उद्योजकांसमोर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा, विषय निघाला, तेव्हा नेमके प्रश्न याच मुलांनी विचारले. सेमिनार हवेतच, पण स्टॉल बंद करू नका. यंदा फक्त संस्थेचं पावतीपुस्तक आधी घ्या.