मदत हवी आहे: आईच्या शेताची ई-पीक पाहणी होत नाही, ओटीपी येत नाही (तातडीचं!)

चाकणचा_बीडकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो, वेळ नाही. आईची पीक पाहणी (शेतातल्या पिकाची सरकारी ॲपवर करायची नोंद) राहिली आहे आणि मुदत संपत आली. तीन दिवस झाले, ओटीपी येतच नाही. ॲप दोनदा काढून टाकलं, परत घेतलं. गावाकडच्या सेवा केंद्रवाल्याने शंभर रुपये घेतले आणि वर म्हणतो ओटीपीशिवाय काही होणार नाही. आईला मोबाईलमधलं काही जमत नाही, सगळं मलाच करावं लागतं. कुणाला माहीत असेल तर फक्त उपाय सांगा. 'सगळीकडे असंच चालतं' छापाचे प्रतिसाद नकोत, प्लीज.

जुना_तलाठी
जिल्हा? तालुका? सातबारा आईच्या एकटीच्या नावावर आहे की सामाईक? ओटीपी कुठला, ॲपचा की आधारचा? आणि तुम्ही हे करताय कुठून?

चाकणचा_बीडकर
बीड, गेवराई तालुका. ओटीपी म्हणजे ओटीपी हो, मोबाईलवर येतो तो. दीड एकर कापूस आहे, बाकी सगळं नीट आहे. फक्त ओटीपी.

हायटेक_शेती
मी तर म्हणेन या पाहणीच्या भानगडीपेक्षा एआयकडे वळा. बारामतीला उसात काय चाललंय ते जाऊन बघा एकदा. कृषी विभागाचं महाविस्तार ॲप आहे, मराठीत प्रश्न विचारा, उत्तर मिळतं. आई बचत गटात असेल तर ड्रोन दीदी योजना बघा. केंद्राने २०२३ मध्ये १५ हजार गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं. फवारणीचा खर्चही वाचेल.

कोरडवाहू
दीड एकरावर ड्रोन! फिरवायला जागा तरी पुरेल का? बांधावरून वळला की शेजाऱ्याच्या तुरीत.
@धागाकर्ता, मी माजलगावचा. आमच्याकडे अजून चालू आहे पाहणी. घाबरू नका, शेतकऱ्याची मुदत संपली तरी गावासाठी सहायक नेमलेला असतो, राहिलेल्या गटांची (म्हणजे जमिनीच्या तुकड्यांची) तो करतो. पण त्याच्या भरवशावर राहू नका. मागच्या हंगामात माझ्या सोयाबीनवर त्याने कापूस टाकला होता.

जुना_तलाठी
मी पाच प्रश्न विचारले, उत्तर दीड प्रश्नाचं आलं.
पीक पाहणीच्या ॲपचा ओटीपी आपण जो नंबर टाकू त्यावर येतो. त्याचा आधारशी संबंध नाही. सेवा केंद्रवाला ज्या ओटीपीसाठी अडून बसलाय तो आधारचा असणार. मला वाटतं तुमच्या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात. तो शेतकरी ओळख क्रमांक काढत होता का?

चाकणचा_बीडकर
हो, म्हणाला होता की फार्मर आयडी पण लगे हात काढून देतो, आता सगळ्या योजनांना तो लागतो. त्याचा पाहणीशी संबंध नाही का? मला वाटलं आधी ते, मग हे.

जुना_तलाठी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर दोन तास वाचले असते.
ओळख क्रमांक म्हणजे ॲग्रीस्टॅकचा, शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा, ११ अंकी नंबर. आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना तो सक्तीचा आहे, त्यामुळे काढावा तर लागेलच. पण पीक पाहणी वेगळी. ती शेतातल्या पिकाची नोंद आहे, गाव नमुना बारावर जाते. मुदत पाहणीला आहे, तेव्हा आधी ती उरका. ॲपमध्ये स्वतःचा नंबर टाकून बघितलात का?

चाकणचा_बीडकर
आत्ता टाकला. ओटीपी आला राव! पण आईचं नाव शोधलं तर खातेदार सापडतच नाही. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, सगळं करून बघितलं.

कोरडवाहू
वडील आहेत का? माफ करा, पण विचारावं लागतं. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव असेल तर आईचं कसं सापडणार?

चाकणचा_बीडकर
वडील चार वर्षांपूर्वी गेले. वारस नोंद तेव्हाच केली, फेरफार मंजूर आहे. आई, मी आणि बहीण, तिघांची नावं लागली. हे सांगायचं राहिलं.

जुना_तलाठी
म्हणजे सामाईक खातं. दुसऱ्याच ओळीत विचारलं होतं. असो.
नावाने शोधू नका. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदींत बाईचं नाव 'अमुकबाई भ्र. तमुक' असं असतं, भ्र. म्हणजे भ्रतार. वारस नोंदीत कुणी तसंच उतरवलं असेल तर आधारवरच्या नावाशी जन्मात जुळणार नाही. गट क्रमांक टाकून शोधा, त्या गटातले सगळे खातेदार खाली येतील. सामाईकात जेवढं तुमच्या वहिवाटीत तेवढंच नोंदवायचं.

वारणाकाठ
हे सगळं वाचून जुने दिवस आठवले. १९९८ ला आमच्या वारणेच्या पट्ट्यात ७० गावांत संगणक बसवले होते. 'वायर्ड व्हिलेज' म्हणायचे. कोल्हापूर-सांगलीकडची गावं, कारखान्याचं जाळं आधीचंच होतं. जगभरातून लोक बघायला यायचे. कागदावर काय नव्हतं त्यात! बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले. पण खिडकीशी उभा राहणारा माणूस विचारायचा एकच, माझ्या उसाची नोंद झाली का, वजन किती भरलं, बिल कधी? नंतर काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेवढंच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिलं, आणि ते लोकांना जास्त सोयीचं वाटलं. नवीन काही निघालं की मला ती खिडकी आठवते.

ओहायोकर
इंटरेस्टिंग. एक प्रश्न, अँड्रॉइडचं व्हर्जन काय आहे? लोकेशन परमिशन 'फक्त ॲप वापरताना' वर आहे का? मी वीकेंडला एक साधं रॅपर ॲप लिहू शकतो, त्यात आईला फक्त एकच बटण दिसेल.

कोरडवाहू
एक बटण दाबून कापूस वेचता आला तर कळवा.

चाकणचा_बीडकर
@जुना_तलाठी, गट क्रमांकाने सापडलं!! 'भ्र.'च होतं. पण आता फोटो काढायच्या वेळी गटाच्या बाहेर आहात म्हणतंय, पुढे जाऊ देत नाही. जीपीएस चालू आहे, लोकेशन फुल्ल आहे. आता काय?

जुना_तलाठी
तुम्ही उभे कुठे आहात?

चाकणचा_बीडकर
चाकणला. कंपनीच्या कँटीनमध्ये.

कोरडवाहू
😂😂 मग कँटीनमध्ये कापूस लावा.

जुना_तलाठी
म्हणूनच पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं, करताय कुठून. पीक पाहणी डिजिटल सर्वेक्षणाच्या पद्धतीने व्हायला लागल्यापासून गटाचा नकाशा ॲपला जोडलेला आहे. फोटो शेतात उभं राहूनच घ्यावा लागतो. पुण्यात बसून पाहणी होऊ नये यासाठीच तर ते केलंय. म्हणजे ॲप बिघडलेलं नाही.

कोरडवाहू
आणि पूर्वी काय होतं? १५ ऑगस्ट २०२१ ला हे राज्यभर सुरू झालं, त्याच्या आधी तलाठी चावडीवर बसून, कोतवालाला विचारून मागच्या वर्षीचीच पिकं उतरवायचा. आमच्या बांधावर मी तरी तलाठी कधी पाहिला नाही. आता म्हणे शेतकऱ्याने स्वतः करावं. काम आमच्यावर ढकललं आणि त्याला सक्षमीकरण म्हणायचं.

जुना_तलाठी
एका सजात (तलाठ्याच्या हद्दीत) तीन-चार गावं, शेकडो गट, हाताखाली एक कोतवाल. चालून दाखवा सगळे बांध. माझ्या वेळी मी शक्य तेवढे चाललोय, गुडघे साक्षीला आहेत. (आणि आता तलाठी नाही, २०२४ पासून 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं. नाव लांबलं, सजे तेवढेच.) स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करता येणं मला तरी वाईट वाटत नाही.

पदरखोच
इतका वेळ नुसती वाचत होते. मी उमेदच्या (सरकारी अभियानाच्या) महिला बचत गटांबरोबर सहा वर्षं काम केलंय, म्हणून विचारते. धागाकर्ता दादा, 'आईला जमत नाही' म्हणजे नेमकं काय? तिच्या स्वतःच्या हातात फोन आहे का? कुठला? आणि आधारला जोडलेला नंबर कुणाचा आहे? ओटीपी कुणाकडे जातोय?

चाकणचा_बीडकर
आईकडे साधा बटणाचा फोन आहे. घरात एक स्मार्टफोन आहे, तो पुतण्याकडे असतो, गेम खेळतो. आधारला वडिलांचा जुना नंबर आहे. ते सिम बंद पडलं. काल त्यावर फोन लावून बघितला तर कुणीतरी जळगावकडचे गृहस्थ बोलले. म्हणाले, भाऊ, रोज ओटीपी येताहेत, मला वाटलं कुणी माझं खातं फोडतंय!

पदरखोच
मग तिला जमत नाही कशावरून म्हणता? तिच्या हातात फोनच आलेला नाही.
मी पाहिलेल्या गटांत हेच. बाईच्या नावावर जमीन, खातं, गटाचं कर्ज, सगळं असतं, आणि नंबर मात्र नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. मुलगा पुण्याला, त्याची शिफ्ट चालू, ओटीपी दहा मिनिटांत मरतो. मग बाई बिचारी केंद्रात दिवसभर बसून परत. एका ताईंनी मला सांगितलं होतं, "माझे पैसे माझ्या लेकाच्या खिशात वाजतात."
आई बचत गटात आहे का?

चाकणचा_बीडकर
आहे. गटाचा हिशोब तीच लिहिते, अकरा बायकांचा. नववी शिकलीय.

पदरखोच
अकरा जणींचं व्याज ती वहीत काढते आणि तुम्ही चाकणहून लिहिताय तिला जमत नाही!! धन्य आहात. गटाची सीआरपी ताई (उमेदची गावातली कार्यकर्ती) गावात असेल, तिच्याकडे स्मार्टफोन असतो. आईला म्हणावं तिला घेऊन उद्या सकाळी शेतात जा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ॲपमध्ये नंबर कुणाचाही चालेल.

आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलायला बोटाचा ठसा लागतो, कागद काही लागत नाही. तालुक्याला आधार केंद्रावर होतं. नाहीतर पोस्टमनला विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन २०२१ पासून घरी येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून देतात. फक्त नंबर आईच्याच फोनचा द्या. ओटीपी बटणाच्या फोनवरही येतो. तुमचा देऊ नका, हात जोडून सांगते.

हायटेक_शेती
महिला सक्षमीकरणाबद्दल सहमत. म्हणूनच ड्रोन दीदी.

वारणाकाठ
बायकांच्या नावावर जमीन हा विषय निघालाच आहे म्हणून. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तिथून पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली. ज्या गावात शंभर जण बायकोच्या नावावर जमीन करतील त्या गावात ते स्वतः जायचे. आमच्या पाहुण्यांनी केली होती. त्या काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा सातबारा हातात धरला तो उलटा. पण हसल्या अशा...

कोरडवाहू
काका, वेगळा धागा काढा, मी येतो. यावर्षी कापसाला भाव काय निघेल, कुणाला अंदाज? लाल्या रोग पडलाय आमच्याकडे, दहा क्विंटलचं पाच होणार.

चाकणचा_बीडकर
अपडेट. आज सकाळी आई आणि सीआरपी ताई गेल्या होत्या. शेतात रेंज नाही, फोटो काढून विहिरीच्या कठड्यावर येऊन अपलोड केलं. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मागतं, ताई १.५० टाकणार होती. आईनेच थांबवलं म्हणे, "दीड एकर म्हणजे साठ आर, पावतीवर तसंच असतंय." ०.६० टाकलं. फोटोत कापूस कमी आणि आईचा हात जास्त आलाय, बोंड धरून दाखवतेय.

पण एक घोळ. पिकाच्या वर्गात 'निर्भेळ पीक' आणि 'मिश्र पीक' असं विचारतं. ताईने निर्भेळ टाकलं. आईने फोनवर मला विचारलं निर्भेळ म्हणजे काय. मी म्हटलं शुद्ध, भेसळ नसलेलं. ती म्हणाली, "मग आपलं भेसळीचं हाय. सहा तास कापूस, एक तास तूर." (तास म्हणजे ओळ.) तूर नोंदवायची राहिली! मला तर माहीतच नव्हतं तूर आहे.

जुना_तलाठी
काही बिघडलं नाही. नोंद केल्यापासून ४८ तासांत एकदा दुरुस्ती करता येते. मिश्र पीक निवडा, कापूस आणि तूर दोन्ही टाका. पण एकदाच मिळते दुरुस्ती, तेव्हा तूर किती आर धरायची ते आधी ठरवा. विमा काढला असेल तर त्यात जे पीक दाखवलं ते आणि इथलं जुळलं पाहिजे, नाहीतर भरपाईच्या वेळी इथलं धरतात.

पदरखोच
'निर्भेळ' हा शब्द मी तुपाच्या बरणीवर वाचलाय, शेतात कधी ऐकला नाही. 'एकच पीक आहे का' असं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

ओहायोकर
हेच म्हणतोय मी, रॅपर ॲपमध्ये लेबल बदलता येतील. अँड्रॉइड व्हर्जन कुणी सांगेल का?

चाकणचा_बीडकर
दुरुस्ती झाली. आईने आणि ताईने मिळून केली, मला नंतर कळवलं. पोस्टमन गुरुवारी येतो म्हणालाय, मग ओळख क्रमांकाचं बघू. सेवा केंद्रवाल्याकडे शंभर रुपये परत मागायला आई स्वतः गेली होती, पन्नास घेऊन आली. गटातल्या आणखी चौघी आपापले सातबारे घेऊन घरी आल्या होत्या, ताईचा फोन दिवसभर तिथेच.

सगळ्यांचे आभार, @जुना_तलाठी आणि @पदरखोच यांचे विशेष. आता शेवटचं. आईला स्मार्टफोन घ्यायचा आहे, तिचा स्वतःचा, पुतण्याला मिळणार नाही असा. दहा हजारांच्या आत, उन्हात स्क्रीन दिसायला हवी, आवाज मोठा हवा. कुठला घेऊ? लवकर सांगा, रविवारी गावी चाललोय.

हायटेक_शेती
दहात काही मिळत नाही. थोडं वाढवा, पंधरापर्यंत जा.

कोरडवाहू
वरचं ऐकू नका, मी सातचा वापरतोय चार वर्षं.

जुना_तलाठी
त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि त्यात बजेटबरोबर सिम कुठलं, गावात रेंज कुठल्या कंपनीची, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.