ऑफसेट आणि बॅकस्पेसिंगला मराठीत काय म्हणावं?

लेखणी:
गाडीची मूळ चाकं काढून दुसरी बसवणाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तिका आहे, तिचं भाषांतर करते आहे. 'बॅकस्पेसिंग'ला मी 'मागील अंतर' लिहिलं होतं. तपासणाऱ्यानं ते खोडून 'मागच्या चाकांमधील अंतर' केलं. त्याला दोष देता येत नाही, माझ्या शब्दातून तोच अर्थ निघतो. इथे 'मागे' म्हणजे चाकाची आतली, ब्रेककडची बाजू. 'ऑफसेट'ला 'विस्थापन' घातलंय, तेही पटत नाही. काय लिहावं?

गिरकी:
विस्थापन नकोच. शाळेच्या भौतिकशास्त्रात विस्थापन म्हणजे वस्तू जागची हलणं. इथे काही हलत नाही. चाकाच्या रुंदीचा बरोब्बर मध्य आणि चाक हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते बसवतात त्याला, जिथे टेकतं ती बैठक, या दोहोंमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. ते मिलिमीटरमध्ये सांगतात. बॅकस्पेसिंग त्याच बैठकीपासून रिमच्या आतल्या काठापर्यंत, बहुधा इंचांत. चाक पालथं घालायचं, काठावर आडवी पट्टी ठेवायची आणि पट्टीपासून खाली बैठकीपर्यंत टेप सोडायचा.

सुतारपक्षी:
सहज लिहून गेलात तो 'बैठक' शब्दच घ्या की. लाकूडकामात एक भाग दुसऱ्यावर जिथे बसतो त्याला आम्ही बैठकच म्हणतो. ऑफसेट म्हणजे 'बैठकीचं मध्यापासून अंतर' आणि बॅकस्पेसिंग म्हणजे 'बैठकीची खोली'. जर्मनांनी असाच घरचा शब्द केला. रिमवर ऑफसेट 'ईटी ४५' असा कोरलेला असतो, त्यातलं ईटी हे 'आइनप्रेसटीफे'चं लघुरूप. त्यातल्या 'टीफे'चा अर्थ खोलीच.

पायवाट:
'मध्यापासून अंतर'चं दोन दिवसांत 'मध्यांतर' होईल आणि तो शब्द नाटकाला आधीच दिलेला आहे. छपाईतल्या ऑफसेटला कुणी मराठी शब्द मागत नाही, मग चाकालाच का? विकणारा, बसवणारा, घेणारा, तिघंही 'ऑफसेट किती?' असंच विचारतात. पुस्तिका वाचून गेलेला माणूस 'बैठकीचं अंतर' म्हणाला तर समोरच्याला कळणार नाही, आणि चुकीचं चाक गळ्यात पडेल.

सुतारपक्षी:
याच न्यायानं गेलो तर मराठीकडे फक्त 'आहे' आणि 'नाही' उरेल. शब्द आधी लिहावा लागतो, मग रुळतो.

गिरकी:
शब्दापेक्षा चिन्हानं मला जास्त फसवलं. धन ऑफसेट म्हणजे चाक बाहेर, असं मी धरून चाललो होतो. उलटं आहे. धन म्हणजे बैठक चाकाच्या दर्शनी तोंडाकडे सरकलेली, त्यामुळे चाक गाडीखाली आत जातं. आकडा कमी होत ऋणाकडे गेला की चाक बाहेर येतं. माझं मूळ चाक ६ इंची, ईटी ४५. नवं घेतलं ७ इंची, ईटी ३५. वाटलं, १० मिलिमीटरचाच तर फरक! पण रुंदीचा वाढीव इंच निम्मा बाहेर येतो, म्हणजे १२.७ अधिक १०, एकूण २२.७ मिलिमीटर चाक बाहेर आलं. आतल्या बाजूला जेमतेम २.७ची भर. गाडी भरलेली असताना वळणावर मडगार्डची कड टायरला लागायची. टायरच्या खांद्यावर बोटभर रुंद चकचकीत पट्टी पडली होती. नख फिरवलं की रबराचा भुगा निघायचा.

लेखणी:
मग 'धन' आणि 'ऋण' लिहून भागायचं नाही. प्रत्येक वेळी 'आत जाणारं', 'बाहेर येणारं' असं जोडते.

मोजपट्टी:
जोडाच. आणि 'रुंदी'वर एक टीप द्या. ७ इंच हे टायरची कड जिथे बसते त्या दोन जागांमधलं माप आहे. रिमचे काठ त्याच्याही बाहेर, म्हणून काठापासून काठापर्यंत साधारण ८ इंच भरतात. ईटी ४५चं बॅकस्पेसिंग काढताना निम्मी रुंदी म्हणून साडेतीन नव्हे, चार इंच धरायचे आणि त्यांत ४५ मिलिमीटर मिळवायचे. पावणेसहाच्या आसपास येतं. नुसत्या 'रुंदी'नं अर्धा इंच चुकतो, आणि आत तेवढ्यानं सस्पेन्शनला घासतं.

सुतारपक्षी:
हबलाही शब्द आहे, तुंबा. बैलगाडीच्या चाकाचा मधला फुगीर ठोकळा, ज्यात आरे बसतात. वाळक्या भोपळ्याला तुंबा म्हणतात त्यावरूनच आला असणार, आकार पाहा. आणि रिमला धाव.

पायवाट:
तुंबा चाकाचाच भाग होता. मोटारीचा हब चाक काढलं तरी गाडीलाच राहतो. मग बैठक कुणाची, तुंब्याची की चाकाची?

गिरकी:
आणि धाव म्हणजे रिम नव्हे. लोखंडी पट्टा तापवून लाकडी चाकावर चढवतात, पाणी ओतलं की तो आकसून घट्ट बसतो, ती धाव. जमिनीला तीच लागते, म्हणजे ती टायर झाली.

सुतारपक्षी:
टायर झिजला की बदलतो, तशी धावही बदलायचे, हे मान्य. पण ती चाकाचं लाकूड आवळून धरते, टायर काय आवळतो? माझे आजोबा धावेला चाकाचाच भाग म्हणायचे, वरून चढवलेली वस्तू नव्हे.

मोजपट्टी:
धावते म्हणून धाव, की आणखी कुठून?