घटस्फोटानंतर माहेरी आहे, स्वतःची काही किंमतच वाटत नाहीये

अमळनेरची लेक:
नमस्कार. वय २९, मागच्या दिवाळीआधी संमतीने घटस्फोट झाला, मूलबाळ नाही. तेव्हापासून माहेरीच आहे, आईवडील एका शब्दाने बोलत नाहीत, पण आता आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्यात, झोके बांधलेत आणि जी येते ती विचारते कधी आलीस, किती दिवस आहेस. मी आतच बसून राहते. नवरा रोज म्हणायचा तुला काहीच जमत नाही, आता तो नाही तरी तेच डोक्यात चालू, भाजी जरा खारट झाली तरी वाटतं बरोबरच बोलायचा तो. लग्नाआधी मी शाळेत शिकवायचे, पोरं मागेमागे यायची, हे आता मलाच खरं वाटत नाही. रात्री त्याचं स्टेटस बघते आणि मग झोप उडते. यातून कोणी बाहेर पडलंय का, कसं?

भुसावळची ताई:
अवं बाई, आधी नंबर ब्लॉक कर, आज रात्रीच. तो मजेत दिसला तरी तुला त्रास, दुःखी दिसला तरी तुलाच त्रास. मीपण यातून गेलेय. कोणी सांत्वन करायला आलं की मला जास्त रडू यायचं, काम सांगितलं की बरं वाटायचं. उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी उडदाचे पापड लाटायला बोलावलं, मी नाही म्हणत होते, त्यांनी हाताला धरून नेलं. एका आजींनी माझा पापड उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाल्या, असा पातळ हल्लीच्या पोरींना येत नाही. त्यांना माझं काही माहीत नव्हतं, म्हणून ते खरं वाटलं गं. तो तुला रोज बोलत होता ना, मग ते डोक्यातून जायलाही वेळ लागणारच, पण दुसऱ्या माणसांचे शब्द कानावर पडू तर दे. आत बसलीस तर त्याचाच आवाज ऐकत बसशील.

धुळेकर दादा:
माझी बहीण अशीच परत आली होती. ते "किती दिवस आहेस"चं उत्तर ताई तू देऊच नको, आईला देऊ दे. आमच्या आईने ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आते ती आठेच शे", म्हणजे आता ती इथेच आहे. पुन्हा कोणी विचारलं नाही. घरचे गप्प बसले की लोकांना वाटतं काहीतरी लपवताहेत, आणि पोरीलाही तसंच वाटायला लागतं. अजून एक, बँकेत, विम्यात नॉमिनी म्हणून नवऱ्याचं नाव असेल तर बदलून घे, घटस्फोट झाला म्हणून ते आपोआप जात नाही. कोर्टातून डिक्रीच्या, म्हणजे घटस्फोटाच्या हुकुमाच्या, दोन-तीन सर्टिफाइड नकला काढून ठेव, नावबदलाला लागतात.

चाळीसगाव:
वरच्या ताईंचं पटलं, पण सगळंच कामात बुडवू नको. संसार मोडलाय, रडू येणारच, माणूस वाईट असला तरी आपण मनापासून केलेलं असतं ना. मी पुरुष आहे, आम्हाला तर रडायचीही चोरी, मी दुकानात दिवसरात्र राबलो आणि ते सगळं नंतर एकदम बाहेर आलं. झोप, जेवण बरेच दिवस बिघडलेलंच असेल किंवा जगूच नये असं मनात आलं तर १४४१६ वर फोन कर, सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अमळनेरची लेक:
आईला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली उद्या झोक्यावर मीच नेते तुला. नंबर ब्लॉक केला, हात थरथरत होते. बीएड आहे माझं, पण एवढा गॅप पडलाय, जूनमध्ये कोणी घेईल का शाळेत?

भुसावळची ताई:
विचारल्याशिवाय कसं कळणार! शाळा उघडायच्या आधी, मे महिन्यातच जाऊन भेट, आधीच्या शाळेपासून सुरुवात कर, तिथे तुला ओळखतात. गॅपचं विचारलं तर लग्न झालं होतं, आता परत आलेय, एवढंच सांग. आणि तोवर गल्लीतली दोन पोरं तरी शिकवायला बसव.