मदत हवी आहे: फिजिक्सची अटेंडन्स ७३ टक्क्यांच्या खाली, परीक्षेला बसू देतील का? (व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, पहिलं सेम)

जांबोटीरोड
नमस्कार. मी बेळगावातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्या सेमला आहे, फिजिक्स सायकल (म्हणजे फिजिक्स असलेला विषयांचा गट). कॉलेजचं नाव लिहीत नाही. गाव खानापूर तालुक्यात, रोज येऊन-जाऊन करते.

ऐन सुगीत बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. भात शेतात उभं, घरात मी आणि आई. कापणी-मळणी उरकेपर्यंत कॉलेजला बरेच खाडे झाले. त्यात सकाळची बस खानापुरातच गच्च भरते, ती हुकली की पहिला तास गेला. आणि पहिला तास बहुतेक वेळा फिजिक्सचाच.

आजची स्थिती: फिजिक्सचे ४४ तास झाले, माझे ३२ भरतात. मॅथ्सची अटेंडन्स ठीक आहे, पण पहिल्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) मार्क फारच कमी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजी कसंबसं जमवलं. इथं शंका विचारली की सर समजावताना कन्नडमध्ये जातात, मग अर्धं कळतं, अर्धं वहीतच राहतं.

प्रॉक्टर मॅडम "डिटेन होशील" एवढंच म्हणाल्या. डिटेन म्हणजे अख्खं वर्ष जातं की तेवढा विषय? गावातले म्हणतात कोल्हापूरला बदलून जा. तसं मधेच जाता येतं का? घरी अजून सांगितलेलं नाही, बाबा आत्ता कुठं सावरतायत.

येळ्ळूरचा_मेकॅनिकल
आधी घाबरायचं बंद कर की. तुझे आकडे मांडू.

नियम ८५ टक्क्यांचा, आणि तो प्रत्येक विषयाला वेगळा. सगळ्या विषयांची सरासरी काढून काही उपयोग नाही. त्याखाली १० टक्क्यांपर्यंतची तूट माफ होऊ शकते, त्याला कन्डोनेशन म्हणतात. म्हणजे खरी भिंत ७५ ला. ३२ भागिले ४४ म्हणजे ७२.७. समज अजून १२ तास होणार असतील आणि तू बाराही बसलीस, तर ५६ पैकी ४४, म्हणजे ७८.५. भिंतीच्या आत आलीस. तीन चुकवलेस तर ५६ पैकी ४१, म्हणजे ७३.२, मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. ८५ ची आशा सोड, ७५ धर.

किती तास शिल्लक आहेत ते उद्याच्या उद्या सरांकडून लिहून घे. लॅबचे तास त्यात कसे धरलेत तेही विचार.

शहापूरकर
कन्डोनेशन आपोआप मिळत नाही. प्रिन्सिपलनी शिफारस करून वर पाठवावं लागतं आणि त्यासाठी कागद लागतो. बाबांचा डिस्चार्ज कार्ड, बिलं, तारखा सगळं जोडून अर्ज दे. सेम संपून यादी लागेपर्यंत थांबू नको, आत्ताच इनवर्डला देऊन शिक्का मारलेली प्रत घे.

कॅम्पातला
तुझ्याच नावाचं मेडिकल सर्टिफिकेट आण की. ओळखीचे डॉक्टर असतातच.

शहापूरकर
कॅम्पातल्या, असले सल्ले देऊ नका. तिच्याकडे खरं कारण आहे, खरे कागद आहेत. खोटा कागद सापडला तर खरं कारणही कुणी ऐकणार नाही.

टिळकवाडी_लेक्चरर
मी दुसऱ्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतो, म्हणून "डिटेन" जरा उलगडून सांगतो. मुलं सगळ्याच नापासांना एक समजतात, तिथंच घोटाळा होतो.

एक: सेमच्या शेवटच्या परीक्षेला (एसईई) बसलात आणि पडलात. एफ (नापास) ग्रेड येते, पण तुमचे सीआयईचे, म्हणजे सेमभरातले इंटर्नल मार्क जागेवर राहतात. पुढच्या वेळी नुसता पेपर द्यायचा. ही बॅक त्यातल्या त्यात हलकी.

दोन: सीआयईत ५० पैकी २० आले नाहीत किंवा अटेंडन्स भरली नाही. मग त्या विषयाच्या परीक्षेलाच बसता येत नाही, निकालात नॉट एलिजिबल येतं. तो विषय पुन्हा रजिस्टर करून इंटर्नल्स, लॅब सगळं नव्यानं. वर्ष लगेच जात नाही, पण हे ओझं पुढच्या सेमवर बसतं आणि टाइमटेबल जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून आत्ता सगळा जोर फिजिक्सच्या हजेरीवर आणि मॅथ्सच्या सीआयईवर. एसईईचा अभ्यास त्यानंतर.

आणखी एक, हे बऱ्याच जणांना निकाल लागल्यावर कळतं. सीआयईला किमान २०, एसईईला १०० पैकी ३५, ते ५० वर आणले की १८. दोन्हीकडे काठावर पास, बेरीज ३८. पण एकूण ४० लागतात, म्हणजे नापास! सीआयई जेमतेम २० असेल तर पेपरात १०० पैकी ४० काढायला हवेत. सीआयई जेवढं वर, तेवढा पेपर सोपा. दुसरी इंटर्नल, असाइनमेंट, लॅब रेकॉर्ड यातला एकही मार्क सोडू नका. थिअरीचं आणि लॅबचं किमान वेगवेगळं बघतात, एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही.

खडेबाजार_१
सीमाप्रश्न सुटला असता तर या पोरांना कन्नडमधून फिजिक्स ऐकायची वेळच आली नसती.

येळ्ळूरचा_मेकॅनिकल
काका, १९५६ पासून वाट बघतोय. हिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

निपाणीची_सून
कोल्हापूरबद्दल सांगते, माझ्या दिरानं चौकशी केली होती. महाराष्ट्राच्या इंजिनीअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे, टाइप ई. पण त्याला एमएचटी-सीईटी द्यावी लागते आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात. सेमच्या मध्यावर उठून जायची वाट ही नव्हे. पुढच्या वर्षी तिकडे जायचं तर हेही सेम नीट संपव, हातात काहीतरी राहील.

जांबोटीरोड
सगळ्यांचे आभार. लेक्चरर सर, ३८ ची गोष्ट वर्गात कुणालाच माहीत नव्हती.

अजून दोन विचारते. एफ किती झाले तर दुसऱ्या वर्षाला जाता येत नाही? आणि मला कन्नडच्या दोन विषयांपैकी सांस्कृतिक कन्नड दिलंय. शाळेत विषय होता म्हणून वाचता येतं, पण भीती वाटते. बदलून बळके कन्नड घेऊ का?

येळ्ळूरचा_मेकॅनिकल
मी २०१८ स्कीमचा (म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचा). आम्हाला पहिल्या दोन सेममध्ये मिळून चारपर्यंत एफ असले तरी दुसऱ्या वर्षाला सोडत होते. तुझ्या स्कीमचं रेग्युलेशन विद्यापीठाच्या साइटवर आहे, त्यात "व्हर्टिकल प्रोग्रेशन" (वरच्या वर्षाला जाण्याचे नियम) हा भाग काढून वाच. सीनियर सांगतात ते त्यांच्या स्कीमचं असतं, माझ्यासकट.

टिळकवाडी_लेक्चरर
बळके कन्नड ज्यांना कन्नड अजिबात येत नाही त्यांच्यासाठी. तुम्हाला वाचता येतं, तर सांस्कृतिकच ठेवा. एकच क्रेडिट आहे आणि पेपर पर्यायी उत्तरांचा, लिहायचं काही नाही. मॅथ्स चार क्रेडिटचं. २० क्रेडिटच्या सेममध्ये मॅथ्सला पी (काठावर पास) ऐवजी बी प्लस आली तर एसजीपीए, म्हणजे सेमची सरासरी, ०.६ नं वाढतो. कन्नडला पी ऐवजी थेट ओ (सगळ्यात वरची ग्रेड) आली तरी ०.३ नंच. वेळ कुठं घालायचा ते यावरून ठरवा.

आणि शंका विचारताना सरळ "सर, इंग्लिशल्ली हेळी" (इंग्रजीत सांगा) म्हणा. बहुतेकांना राग येत नाही, समोरच्याला कळत नाहीये हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

निपाणीची_सून
घरी सांग गं. कागद बाबांचेच जोडायचेत, त्यांना कळल्याशिवाय कसे मिळणार?

जांबोटीरोड
सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत, कपाटातून फाईल काढून दिली. अर्ज दिला, शिक्क्याची प्रत घेतली. फिजिक्सचे १४ तास शिल्लक आहेत म्हणे, म्हणजे सगळे बसले तर ५८ पैकी ४६, ७९ च्या वर. पहाटेची पहिली बस धरतेय. सरांनी चुकलेली दोन प्रॅक्टिकल शनिवारी करून घेतो म्हटलंय.

मॅथ्सच्या मॉड्यूल ३ चे हातानं लिहिलेले नोट्स कुणाकडे आहेत का? सगळी गणितं पायरी-पायरीनं सोडवलेली हवीत, पुस्तकात मधल्या पायऱ्याच नाहीत.

येळ्ळूरचा_मेकॅनिकल
माझे आहेत, पण जुन्या स्कीमचे. सिलॅबस ताडून बघतो, जेवढं जुळतं तेवढ्याचे फोटो आज रात्री टाकतो.